गरज आहे, पण पद कोठे आहे?

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाचे दिवस आले की अनेक घरांतून एकच चर्चा रंगते : शाखा कोणती घ्यावी? क्ष-किरणशास्त्र आणि त्वचारोग या शाखांकडे गुणवत्ता यादीतील वरच्या क्रमांकांचा ओढा असतो. मुलाने किंवा मुलीने आपत्कालीन वैद्यकाचे नाव काढले, तर आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, 'पुढे नोकरीचे काय?' हा प्रश्न स्वार्थाचा म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरेल. त्यात तथ्य आहे.

बालरोगतज्ज्ञ वा अस्थिरोगतज्ज्ञ आपल्या गावी पाटी लावून व्यवसाय सुरू करू शकतो. आपत्कालीन वैद्यकाच्या तज्ज्ञाला ती सोय नाही. त्याची कर्मभूमी म्हणजे रुग्णालयाचा अपघात विभाग. पहिल्या तासात तो रुग्णाचा श्वास आणि रक्तदाब सावरतो; पुढे रुग्ण हृदयरोगतज्ज्ञाकडे वा शल्यविशारदाकडे जातो आणि बरा होऊन घरी गेल्यावर त्यांचेच नाव घेतो. रुग्णालयाने पद निर्माण केले तरच या डॉक्टराला काम. एरवी पदवी केवळ भिंतीवर टांगण्यापुरती.

आणि पदाची हमी देणारे धोरणच डळमळीत राहिले आहे. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने 2009 मध्ये या विषयाला स्वतंत्र शाखेची मान्यता दिली. 2020 च्या नियमांनी वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग अनिवार्य केला. तरुणांनी त्या भरवशावर ही वाट धरली. मात्र 2023 मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नव्या निकषांत पदवी महाविद्यालयांच्या अनिवार्य विभागांच्या यादीतून ही शाखा वगळली गेली. विभाग ऐच्छिक झाला की अध्यापकांची पदे ऐच्छिक होतात, आणि ऐच्छिक पद हे काटकसरीचा पहिला बळी असते.

मग देशाला या तज्ज्ञांची गरज नाही काय? 2022 या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. हृदयविकार, पक्षाघात, सर्पदंश, विषबाधा हे निराळेच. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच बजावले होते, की जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य आहे. पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. महाराष्ट्रात 2014 मध्ये 937 वाहनांसह 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. या वाहनांवर सेवा देणाऱ्या डॉक्टरांत आयुर्वेदाच्या पदवीधरांचा वाटा मोठा आहे. रुग्ण दारापर्यंत वेळेत आणण्याची सोय झाली. पण दाराच्या आत त्याला पाहणारा कोण? अनेक ठिकाणी नुकताच पदवीधर झालेला, एकटाच रात्रपाळी करणारा वैद्यकीय अधिकारी. दोष त्याचा नाही. त्याच्या मागे अनुभवी तज्ज्ञ उभा न करणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

अमेरिकेतही या शाखेविषयी साशंकता निर्माण झाली. 2030 पर्यंत तेथे असे डॉक्टर गरजेपेक्षा अधिक होतील, असा अंदाज 2021 मध्ये वर्तवला गेला आणि 2023 च्या निवडप्रक्रियेत या शाखेच्या 3,010 जागांपैकी 554 रिक्त राहिल्या. परंतु ती चिंता येथे जशीच्या तशी लागू करणे चूक होय. तेथे भीती आहे डॉक्टर वाढल्याची. आपल्याकडे रुग्ण आहेत, डॉक्टर घडत आहेत, आणि दोघांची गाठ घालून देणारे पदच नाही!

उपाय अवघड नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग पुन्हा अनिवार्य व्हावा. जिल्हा रुग्णालयांत या तज्ज्ञांची नियमित, वेतनश्रेणीची पदे मंजूर व्हावीत. अल्प मुदतीच्या कंत्राटावर कोणी आयुष्य उभे करीत नाही. अपघात विभागातील डॉक्टरांवर हात उगारण्याच्या प्रवृत्तीलाही समाजाने आवर घातला पाहिजे.

कार्यकर्त्यांना आणि सुजाण नागरिकांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. रक्तदान शिबिरे आपण निष्ठेने भरवतो. त्याच निष्ठेने आपल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन एवढेच विचारावे : रात्री दोन वाजता अपघात विभागात कोण असते? उत्तर असमाधानकारक असेल, तर लोकप्रतिनिधींकडे पाठपुरावा करावा. आणीबाणीच्या क्षणी आपला माणूस ज्याच्या हाती सोपवायचा, त्याच्या पोटापाण्याची काळजी समाजाने आधीच वाहिली पाहिजे.