कौतुक पुरे, उचल द्या

मंडळी, बोहाड्याचे मुखवटे आता शहरातल्या लोकांनाही आवडू लागले आहेत. हॉटेलच्या भिंतीवर रावण दिसतो, दिवाणखान्यात नरसिंह दिसतो. बरं वाटतं. पण आमच्या जव्हार-मोखाड्यात ज्या घरांत हे मुखवटे तयार होतात, त्या घरांची चूल कौतुकावर पेटत नाही. माझं म्हणणं साधं आहे. मुखवट्याचे पैसे त्यांना दिवाळीच्या आधी द्या. का, ते सांगतो.

बोहाडा म्हणजे सोंगांचा उत्सव. होळीपासून वैशाखापर्यंत गावोगाव होतो. मोखाड्याला तो जगदंबेच्या यात्रेत असतो. रात्री संबळ-सनईच्या तालावर एकेक सोंग नाचत येतं. आधी गणपती, मग बाकीचे देव आणि राक्षस, शेवटी देवी महिषासुराला मारते. सोंगाचा मान बऱ्याच ठिकाणी पिढीजात घराण्याकडे असतो. वर्षभर मुखवटा घरात जपून ठेवतात, त्याची पूजा करतात. म्हणजे तो शोभेचा नाही, देवाचा आहे.

पूर्वी हे मुखवटे लाकडाचे असत. आता बहुतेक कागदाच्या लगद्याचे असतात. डोक्यावर बांधून नाचायचं तर कागद हलका पडतो. आधी मातीत चेहरा घडवायचा, तो वाळवायचा, त्यावर खळीत भिजवलेल्या कागदाचे थर चढवायचे. पुन्हा ऊन. मग साच्यावरून सोडवायचा, घासायचा, पांढरा हात द्यायचा आणि शेवटी रंग. कागद भिजवणं, कुटणं, वाळत घालणं, यात घरातले सगळेच गुंततात. वेगळा कारखाना नसतो, ओटी हाच कारखाना.

आता यातली ‘ऊन’ ही गोष्ट लक्षात घ्या. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. लगदा वाळायचा तर पावसाळा संपायला हवा. म्हणजे मुखवट्यांचं काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. आणि नेमक्या याच महिन्यांत इथली माणसं भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातात. नागली, वरई, भात घरात येतं आणि घरं रिकामी होतात. शिक्षक म्हणून मी हे वर्गात पाहिलं आहे. दिवाळीची सुट्टी संपली की निम्मे बाक मोकळे.

लोक भट्टीवर का जातात? मजुरी फार असते म्हणून नव्हे. भट्टीवाला आधी पैसे देतो म्हणून. त्याला आपण ‘उचल’ म्हणतो. सणाला, दुखण्याला, लग्नाला हातात रोकड लागते, ती तो देतो आणि हंगामभर माणसाला बांधून घेतो. मुखवटा घेणारा मात्र तयार माल बघतो, घासाघीस करतो, मग पैसे काढतो. अशा वेळी हातात कला असलेल्या पोरानं कुठे जावं? तो भट्टीवरच जाणार. त्याला ‘परंपरेची कदर नाही’ म्हणणं हा अन्याय आहे.

नाव मोठं असलं म्हणजे हात टिकतात, असंही नाही. तुमच्या कपाटातल्या बोन चायनाच्या कपबश्या बघा. हाडांची राख जवळजवळ निम्मी आणि बाकी पांढरी माती व दगडाची पूड, हे प्रमाण इंग्लंडात स्टोक गावच्या स्पोड घराण्यानं 1790 च्या दशकात बसवलं. दोनशे वर्षांहून जास्त चाललेली ती कंपनी 2008 मध्ये बुडाली. 2009 मध्ये दुसऱ्या कंपनीनं तिचं नाव आणि नक्ष्या विकत घेतल्या, कारखाना घेतला नाही. नाव राहिलं, नक्षी राहिली, तिथल्या कारागिरांची कामं गेली. आमच्या मुखवट्यांचं असं व्हायला नको. चित्र सगळीकडे आणि घडवणारा भट्टीवर!

कोणी म्हणेल, सरकारच्या योजना आहेत की. आहेत. 2023 ची विश्वकर्मा योजना आहे. तिच्या 18 व्यवसायांच्या यादीत कुंभार आहे, मूर्तिकार आहे, बाहुल्या-खेळणी करणारा आहे. मुखवटे करणारा वेगळ्या नावानं नाही. शिवाय तिथे भांडवल मिळतं ते कर्ज म्हणून. कर्ज माल खपो न खपो फेडावंच लागतं. उचल म्हणजे काम आधीच ठरलेलं असतं. हा फरक ज्याचं पोट हातावर आहे त्याला लगेच कळतो.

म्हणून यात्रेच्या पंचांनी नव्या मुखवट्याची, जुन्याच्या डागडुजीची वर्गणी होळीला न काढता दसऱ्याला काढावी. हॉटेलवाल्यांनी आणि दुकानदारांनी मागणी लेखी द्यावी, निम्मे पैसे आधी द्यावेत. आपल्यापैकी कोणाला एक मुखवटा हवा असेल तर ऑक्टोबरात सांगावा आणि होळीपर्यंत वाट पाहावी.

पैसे बुडाले तर? हा प्रश्न येणारच. पण भट्टीवाला हा धोका दरवर्षी पत्करतो, आणि तो काही धर्मादाय करायला बसलेला नाही. त्यानं आमच्या माणसांवर जेवढा भरवसा टाकला, तेवढा तरी आपण टाकायला हरकत नसावी.

पटतंय का, बघा.