आधी गुलामी मोडा, मग आज्ञा शिकवा

दोस्तांनो, पोरांना नीती शिकवणारे फार झालेत. खोटं बोलू नको. चोरी करू नको. मोठ्यांचं ऐक. कुणी मारलं तर दुसरा गाल पुढं कर. ऐकायला गोड लागतं. पण शिकवतंय कोण, आणि ज्याला शिकवतंय त्याच्या मानेवर पाय कुणाचा आहे, हे कुणी विचारत नाही. ते विचारायला मी हे लिहितोय.

मी सूतगिरणीत डॉफर आहे. भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या लावायच्या, सगळी पाळी उभ्यानं. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. जे वाचलं ते रातपाळी सुटल्यावर. पंडितासारखं मला लिहिता येत नाही, पण ज्याबद्दल लिहितोय ते माझ्या घरातलं आहे. आमच्या एका खापरपणजोबाची दोन घरं झाली. एक घर नगरकडं मिशनमध्ये गेलं, ख्रिस्ती झालं. दुसरं आमचं, बाबासाहेबांमागं बुद्धाकडं आलं. गावानं जात दोघांचीही सोडली नाही. लग्नकार्यात आम्ही एका पंगतीला बसतो. आणि आपल्यातले काही कार्यकर्ते त्या घराला ‘पोटासाठी बाटलेले’ म्हणतात. त्यांना हे शब्द कुणी शिकवले? ते तर गावच्या पाटलाचे शब्द आहेत.

आधी जे खरं ते खरं म्हणू. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरला ठाणं केलं. गावकुसाबाहेरच्या पोराच्या हातात पाटी देणाऱ्यांत मिशनरी पहिल्या फळीत होते. जोतिबा स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८५५ साली जोतिबा-सावित्रीच्या शाळेतली मांगाची पोर मुक्ता साळवे हिनं मांगमहारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो छापला कुणी? मिशनच्या ‘ज्ञानोदया’नं. त्या पोरीनं नियम घोकून दाखवले नाहीत. तिनं सवाल टाकला की, वेद बामणांचेच असतील तर मग आमचा धर्म कोणता? पोर सवाल विचारायला लागलं की नीती सुरू झाली समजा.

पुढं काय झालं? सवाल मागं पडला, घोकंपट्टी राहिली. माझ्या चुलतभावाची पोरगी नऊ वर्षांची. दर रविवारी शब्बाथशाळेत जाते. दहा आज्ञा धडाधडा म्हणून दाखवते. शिकवणाऱ्या बाई मायाळू आहेत. नुसतं पाठ करू नका, घरात-शाळेत रोज पाळा, असं सांगतात. पोरगी पाळते. सापडलेलं पेन परत देते, धाकट्याला मारत नाही. चांगलंच आहे. आता या आज्ञा एकेक करून व्यवस्थेच्या तराजूत टाकू.

खोटी साक्ष द्यायची नाही ही एक आज्ञा. पोरीच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म लिहिलाय हिंदू. बापानं बजावलंय, शाळेत कुणी विचारलं तर तेच सांग. म्हंजे रविवारी खरं बोलायचं आणि सोमवारी खोटं. एवढंसं पोर मला विचारतं, ‘काका, सोमवारी देव बघत नाही का?’ काय उत्तर देऊ? हे ओझं तिच्यावर बापानं नाही टाकलं. ते टाकलं १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं. अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे, असं त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात घातलं. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. गावात हिणवताना तो महारच, मांगच. दाखला मागताना मात्र ख्रिस्ती. अत्याचारविरोधी कायदाही अनुसूचित जाती म्हणून त्याच्यामागं उभा राहत नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. ती निघाली नाही. उलट २०२४ च्या नोव्हेंबरात पुदुच्चेरीच्या एका बाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं असा दाखला मागणं म्हंजे संविधानाशी लबाडी, असं ठरवलं. लबाड कोण? पोटासाठी देव लपवणारी बाई, की देव लपवल्याशिवाय हक्क न देणारा कायदा?

दुसरी आज्ञा चोरीची. वतनाच्या नावाखाली महारांना पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतलं, तो प्रकार संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. ती चोरी कुठल्या शब्बाथशाळेत शिकवतात? दाबून ठेवलेली मजुरी मालकाविरुद्ध ओरडते, असं नव्या करारात याकोबाच्या पत्रात आहे. आमच्या खात्यात जादा कामाचे तास कागदावर येईपर्यंत कमी होतात. पण पोरांना चोरी म्हंजे फक्त पेन-पेन्सिलीची ठाऊक.

आणि तो दुसरा गाल. पाटलाच्या पोरानं हा धडा घेतला तर गाव सुधारेल. आमच्या पोराला दिला तर गावाला मारायला दोन गाल मिळतील. येशूनं मंदिरात शिरून सराफांचे चौरंग उलथून टाकले. तो धडाही पुस्तकात आहे, रंगीत चित्रासकट. तो मात्र घरी पाळायला देत नाहीत.

बाबासाहेबांनी हे दुखणं अचूक पकडलं होतं. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर त्यांनी लिहिलेलं त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात, १९८९ मध्ये छापून आलं. त्यांचं म्हणणं असं की, हिंदू असताना अस्पृश्याला सांगितलं जातं, तुझी दशा तुझ्या मागच्या जन्मीच्या कर्मानं. ख्रिस्ती झाल्यावर सांगितलं जातं, तुझी दशा आदिपुरुषाच्या पापानं. दोन्हीकडं सुटका नाही. दोन्हीकडं बोट पोराच्याच छातीवर. ज्यानं त्याला खाली दाबलं त्याच्याकडं बोट जातच नाही.

पण मी एक सांगतो, आणि हे ख्रिस्ती भावंडांनीही ऐकावं. ‘निर्गम’ काढून बघा. दहा आज्ञांची सुरुवात कुठल्याही आज्ञेनं होत नाही. आधी देव आठवण देतो की, मिसर देशाच्या गुलामीतून मी तुम्हाला बाहेर काढलं. आज्ञा त्यानंतर. म्हंजे त्या गुलामी तोडून आलेल्या लोकांना दिल्या, स्वतःच्या हिमतीवर नवा समाज उभारायला. गुलाम आहे तिथंच शहाण्यासारखा राहावा म्हणून नाही दिल्या. आमच्या पोरांना ती पहिली ओळ गाळून पुढचं शिकवलं. नीती म्हंजे निमूटपणा झाला तो तिथं.

शब्बाथाचंच घ्या. पोरांना सांगतात, रविवारी उपासनेला या. मूळ आज्ञेत विसावा मालकाला आहे, तसा त्याच्या दासाला आहे, दासीला आहे, बैलाला आणि गाढवालासुद्धा आहे. हा कामगाराचा हक्क आहे! मुंबईच्या गिरणीकामगाराला तो फुकट मिळाला नाही. जोतिबांचे सत्यशोधक साथी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगार संघटित केले, आणि १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. तीही खंडोबाच्या वाराचं नाव सांगून. ती आज्ञा रोजच्या जगण्यात आणली ती लोखंड्यांनी. शब्बाथशाळेत हे शिकवा.

आणि नीती पोरांना पाठ द्यायच्या आधी चर्चला द्या. गोव्यात कित्येक गावांच्या कोन्फ्रारिया बामण आणि चारदो यांच्यापुरत्याच राहिल्या. तामिळनाडूत तिरुचीच्या कबरस्तानात दलित आणि सवर्ण ख्रिस्त्यांच्या मध्ये भिंत घातली. मेल्यावरही शेजाऱ्यावरची प्रीती भिंतीच्या अलीकडं. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे लेखी मान्य केलं. मान्य केलं, बरं झालं. पण भिंतीजवळून जाणारं पोर भिंतच शिकतं. वचन पाठ करून काय होणार?

आता आपल्याकडं बघा. हसू नका. आपल्या विहारात रविवारी काय चालतं? पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा पाठ. म्हणून झालं की खाऊ. किती ठिकाणी पोरांना ‘का?’ विचारू देतात? बाबासाहेबांनी १९३६ च्या, लाहोरला करू न दिलेल्या भाषणात नियम आणि तत्त्व यातला फरक सांगितला. नियम पाळणारा सवयीनं चालतो. तत्त्व मानणारा तोलून बघतो, निवडतो आणि केल्याची जबाबदारी घेतो. नियमाचा धर्म त्यांनी नाकारला. तो पाली बोलला म्हणून आपल्याला चालेल का?

काही कार्यकर्ते म्हणतात, ख्रिस्ती आत आले तर आपला वाटा कमी होईल. भीती खोटी नाही. नोकऱ्या आटल्यात, मलाही कळतं. मग वाटा वाढवून मागू, मिळून मागू. पण १९५६ ते १९९० अशी चौतीस वर्षं केंद्राच्या दारात आपण बौद्ध म्हणून उभे होतो. तेव्हा आतले काहीजण आपल्याबद्दल हेच म्हणत होते. दार उघडल्यावर आतून कडी लावायची, ही नीती आपण पोरांना शिकवणार?

जोतिबांनी ‘सार्वजनिक सत्यधर्मा’त एक घर मांडलं. बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळी एका घरात प्रेमानं. १८९१ साली छापलेलं हे पुस्तक. आमच्या खापरपणजोबाची दोन घरं तेवढी तरी करू द्या.

म्हणून मागणी सरळ आहे. तिसरा परिच्छेद रद्द करा, म्हंजे नऊ वर्षांच्या पोरीला सोमवारी खरं बोलता येईल. पाळकांनी पहिली ओळ गाळू नये. आपल्या विहारात पाठांतराइतकाच वेळ सवालांना द्यावा. आणि तुम्ही, दोस्तांनो, येत्या रविवारी आपल्या वस्तीतल्या ख्रिस्ती घरात जा, चहा घ्या, दाखल्याचं विचारा. मोर्चाची पहिली नावं तिथंच लिहून घ्या.

जय भीम.