तळ्याकाठी सांगायची गोष्ट

डिसेंबर लागला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफ यायला लागतात. पंचवीस खिडक्यांचं कॅलेंडर, कापून चिकटवायची मेंढरं, कापसाचा बर्फ. मुलांना घरच्या घरी ख्रिस्ती विश्वासाची ओळख कशी करून द्यावी, यावरचे हे जगभर फिरणारे उपाय. त्यात वाईट काही नाही. पण महाडच्या घामट हवेत वाढणाऱ्या पोराने बर्फ का चिकटवायचा, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही :)

आम्ही मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. बाबांची नोकरी महाडच्या एमआयडीसीत, त्यामुळे शाळा महाडला आणि सुट्ट्या पोलादपूरकडच्या मित्रांच्या गावी. आमच्या मंडळीचं चर्च म्हणजे एसटीचा लांबचा प्रवास, पावसाळ्यात तर तोही बंद. आसपास आमच्यासारखी घरं मोजकी. म्हणजे जे काही व्हायचं ते घरात, दिवेलागणीला, आईच्या सतरंजीवर. आता माझी भाचरं इंग्रजी शाळेत जातात. त्यांना इंग्रजी गाणी येतात आणि आजीला ती कळत नाहीत. आजीचे अभंग त्यांना कळत नाहीत. एकाच घरात दोन देव झाल्यासारखं वाटतं कधी कधी. माझी खरी काळजी ही आहे, बर्फाची नाही.

माझं मत असं, की घरात आणि घराबाहेर जे आधीपासून पडलंय तिथून सुरुवात करावी. ही काही माझी नवी आयडिया नव्हे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांच्या जागी वाचायला काहीतरी हवं होतं. त्याने त्यांना प्रश्नोत्तरांचं पुस्तक दिलंच, पण त्यावर थांबला नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. परदेशी माणसाला चारशे वर्षांपूर्वी कळलं की मराठी कानाला ओवी लागते, आणि आपण मात्र पीडीएफ फॉरवर्ड करतोय!

नारायण वामन टिळकांचंही तेच. जन्म कोकणातला, करजगावचा. बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनाचा बाज घेतला. त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं, १९१९ मध्ये ते गेले, आणि ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. या बाईंना लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरओळख झाली होती, हे लक्षात घ्या. पंडिता रमाबाईंनी तर केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, बाहेर आलं. साधी मराठी हा त्यांचा हट्ट होता. कारण वाचणारी बाई स्वयंपाकघरातली होती. असो, इतिहास पुरे.

आता प्रत्यक्ष काय करायचं? पेरणाऱ्याचा दृष्टान्त घ्या. चित्रात दाखवायची गरजच नाही. जूनमध्ये पोरांना पोलादपूरच्या कुठल्याही वाडीवर न्या. वाटेवर सांडलेलं बी पाखरं खातात, ते दिसतं. कातळावरच्या चिमूटभर मातीत कोंब पटकन येतो आणि चार दिवस उघडीप मिळाली की करपतो, तेही दिसतं. बांधावरच्या झुडपात अडकलेलं रोप दिसतं, आणि खाचरातलं भातही दिसतं. एखाद्या शेतकरी काकांना विचारा, कातळावर बी का टाकत नाही. ते जे सांगतील ते कुठल्याही भाष्यग्रंथापेक्षा सरस असतं (आणि फुकट). हरवलेल्या मेंढराचंही तसंच. आपल्याकडे मेंढरं कमी, म्हशी जास्त. जुलैच्या धुक्यात डोंगरावर म्हैस चुकली तर धनगरवाड्यावरचा माणूस काय करतो, हे पोराला विचारा. नव्याण्णव सोडून एकीमागे जाणं शहाणपणाचं की वेडेपणाचं, यावर आमच्या घरी एकदा तासभर भांडण झालं होतं. आई म्हणाली वेडेपणाचंच, आणि म्हणूनच ती गोष्ट आहे.

पण महाडला राहणाऱ्या ख्रिस्ती घराने एक गोष्ट सांगायलाच हवी. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. भर दुपारी विहिरीवर एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते, आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो. ती चकितच होते. तू यहुदी, माझ्या हातचं पाणी कसं मागतोस? त्या दोन समाजांत भांड्याला भांडं लागत नव्हतं. ही गोष्ट चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून सांगा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर याच तळ्यावर हजारो माणसांसह पाणी प्यायले, आणि त्यापायी त्या माणसांनी मार खाल्ला, हेही सांगा. मग दहा वर्षांच्या पोराला ती बाई का दचकली हे समजावून सांगावं लागत नाही.

इथे एक काळजी मात्र घ्यावी. तो लढा आपल्या खात्यात जमा करायचा नाही. बाबासाहेब १९५६ मध्ये बौद्ध झाले, ख्रिस्ती नव्हे. आणि पोरं हुशार असतात. माझ्या भाचीने विचारलंच, मामा, आपल्यात जात असते का? खोटं का बोला? चर्चमध्येही जात शिरली, सोयरीक जमवताना तर अजून डोकावते, हे मी तिला सांगितलं. लक्ष्मीबाई टिळकांचंही सांगितलं, की ख्रिस्ती नवऱ्याबरोबर राहूनही त्यांचं सोवळं लगेच सुटलं नाही. सुटलं ते त्यांच्याच डोक्यात विचार चालू झाल्यावर. 'स्मृतिचित्रे'तला तो भाग मोठ्याने वाचण्यासारखा आहे, हसता हसता पोटात कालवतं. ज्या घरात असे प्रश्न विचारायची मुभा नाही, तिथे कितीही मेंढरं चिकटवा, पोरं पंधराव्या वर्षी निघून जातील असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक योगायोग. मनुस्मृती महाडमध्ये जाळली गेली ती तारीख २५ डिसेंबर १९२७. नाताळचा दिवस. आमच्या घरी सकाळी गाणी, दुपारी करंज्या, आणि संध्याकाळी बाबा ही दुसरी गोष्ट सांगायचे. दोन्हींचा संबंध जोडून दाखवायचे नाहीत. नुसती सांगायचे, मग आम्ही आपसात वाद घालत बसायचो.

तळ्यावर जायचं तर सकाळी लवकर जा, नंतर पायऱ्या तापतात. २० मार्चला मात्र तिथे लांबलांबून माणसं येतात. त्या दिवशी आपली गोष्ट घेऊन बसू नका, पोरांचा हात धरून नुसते उभे राहा आणि ऐका.