यादीत नाव नाही, जवळ शिक्षक नाही

अकरावीची पहिली प्रवेश यादी लागली की एक्याण्णव-ब्याण्णव टक्के मिळवलेली मुलेही रडतात आणि मोठ्यांना त्याचे नवल वाटते. ‘आमच्या वेळी एवढे गुण कुणाला होते?’ असे म्हणून विषय उडवून लावला जातो. पण २०२५ मध्ये राज्य मंडळाचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि २११ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. अशा निकालात एकेका टक्क्यावर मुलांची दाटी होते. रुईया, रुपारेल किंवा फर्ग्युसनचा कट-ऑफ दशांशाने हुकतो. ‘नव्वदच्या वर काढ, पुढचे आपोआप होईल’ असे ज्याला वर्षभर ऐकवले, त्याने सांगितलेले केले. पुढचे मात्र झाले नाही. आपण फसवले गेलो असे त्याला वाटते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

त्यात भर पडते ती बाकावरच्या मित्राची. गुण कमी, तरी महाविद्यालय तेच. संस्थेच्या स्वतःच्या शाळेतल्या मुलांसाठी १० टक्के इनहाउस कोटा, ५ टक्के व्यवस्थापन कोटा, अल्पसंख्याक संस्थांत निम्म्या जागा त्या समाजासाठी, शिवाय सामाजिक आरक्षण, हा हिशेब मुलाला आधी कुणी समजावलेला नसतो. यादीच्या दिवशी घरात जो कडवट शेरा ऐकू येतो, तेच त्याचे पहिले ज्ञान ठरते आणि ते मैत्रीत विष कालवते. पालकांनी हे नियम आधीच शांतपणे सांगावेत. दुसऱ्याच्या हक्काच्या जागेवर राग काढायला शिकवून आपल्या मुलाचे दुःख हलके होत नाही.

२०२५ पासून अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया सबंध राज्याला लागू झाली. अर्जात दहा महाविद्यालयांची पसंती भरता येते. पहिल्या पसंतीचे मिळाले तर घ्यावेच लागते, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. खालच्या पसंतीचे मिळाले तर घ्यायचे की थांबायचे, हे मोजक्या दिवसांत ठरवायचे. कित्येक घरांत हा पसंतीक्रम वडिलांनी किंवा क्लासच्या सरांनी लावलेला असतो. नंबर लागला नाही की खापर मात्र पोराच्या गुणांवर फुटते.

खरी उणीव वेगळीच आहे. निकाल लागला की शाळा सुटते. महाविद्यालय अजून सुरू झालेले नसते. आयुष्यातला पहिला मोठा नकार पचवायच्या आठवड्यांत सोळा वर्षांच्या मुलाला शिक्षकच नसतो. मार्गदर्शन केंद्रे लॉगिन आणि कागदपत्रांच्या अडचणी सोडवतात. ‘मी आता काय करू?’ हा प्रश्न तिथे विचारता येत नाही. उरतात नातेवाइकांचे फोन आणि व्हॉट्सॲपवरचे पेढे.

म्हणून शालेय शिक्षण विभागाने एक साधा आदेश काढावा: दहावीच्या वर्गशिक्षकांची जबाबदारी निकालपत्र देऊन संपू नये, वर्गातल्या प्रत्येक मुलाचा प्रवेश होईपर्यंत ती राहावी. त्यासाठी त्यांना वेळ आणि मोबदला द्यावा. यादी लागली की त्यांनी घरी फोन करावा, आणि तो पालकांशी नव्हे, मुलाशी बोलण्यासाठी. पुढच्या फेऱ्यांत कट-ऑफ अनेकदा खाली येतो आणि राज्यात प्रवेश घेणाऱ्यांपेक्षा जागा जास्त आहेत, हे त्याला तीन वर्षे ओळखणाऱ्या बाईंनी सांगितले तर पटते.

घरच्यांनी निदान दोन दिवस तुलना आणि तोडगे, दोन्ही थांबवावेत. रडू द्यावे. नातेवाइकांचे फोन आपण घ्यावेत, त्याच्या हाती देऊ नयेत. मग नवा पसंतीक्रम त्याच्या हाताने भरू द्यावा.

हे लाड नव्हेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले होते. प्रत्येकामागे प्रवेश किंवा परीक्षा नव्हती, हे खरे. तरीही राज्याने निर्धास्त राहावे असा हा आकडा नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. तो प्रत्येक निकालपत्रासोबत छापून द्यावा. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, ‘मी नसलेलाच बरा’ असे एकदा जरी म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नये आणि पुढच्या फेरीची वाट न पाहता त्याच दिवशी या क्रमांकावर फोन करावा.