दोन ठिपक्यांवर खताचा डोस ठरवू नका

कपाशीला वरखत द्यायचे दिवस आलेत, म्हणून आज खताच्या हिशोबावर लिहितो. थोडी आकडेमोड आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

प्रात्यक्षिकाचा प्लॉट आपण सगळ्यांनी पाहिलाय. दोन पाट्या असतात, एक ‘खत दिलेलं’ आणि एक ‘खत न दिलेलं’. दिलेली कपाशी उठून दिसते. घरी येईपर्यंत मनात गणित तयार होतं, एका बॅगेनं एवढं वाढलं तर दोन बॅगांनी दुप्पट वाढंल. दोन ठिपके जोडले की सरळ रेघच निघणार, दुसरं काही निघूच शकत नाही. रेघ कुठं वाकते हे कळायला तिसरा, चौथा, पाचवा ठिपका लागतो. माझं म्हणणं असं की तो दाखवल्याशिवाय कुणाचाही डोस मान्य करू नये.

समजण्यासाठी एक उदाहरण धरू. आकडे मानलेले आहेत. एका एकरात युरियाच्या बॅगा आणि कापसाचे क्विंटल:

० बॅग – ६
१ बॅग – ८
२ बॅगा – ९
३ बॅगा – ९.२
४ बॅगा – ८.५

पहिल्या बॅगेनं २ क्विंटल वाढले, दुसरीनं १, तिसरीनं फक्त २० किलो. चौथीनं उलट ७० किलो घटले. आता हेच आकडे मोबाईलवर एक्सेलमध्ये टाकून सरळ रेघ मागा. ती सांगते, दर बॅगेला ६२ किलो वाढ. त्या हिशोबानं ५ बॅगा टाकल्या तर १० क्विंटल! यंत्र खोटं बोलत नाही, आपण सरळ रेघ मागितली म्हणून त्यानं सरळ रेघ दिली.

वाकडी रेघ मागितली तर सूत्र साधारण असं येतं:
उत्पादन = ६ + २.४ × बॅगा − ०.४४ × बॅगा × बॅगा.
शेवटचं वजा चिन्ह महत्त्वाचं. बॅगा वाढतील तशी ती वजाबाकी वाढत जाते. या सूत्रात माथा पावणेतीन बॅगांच्या आसपास येतो. याला शास्त्रज्ञ वक्र रिग्रेशन म्हणतात. आपण त्याला चढ, माथा आणि उतार म्हणू.

पण वाकड्या रेघेलाही हद्द असते. हेच सूत्र ५ बॅगांना ७ क्विंटल सांगतं. आपण पाचवी बॅग टाकून पाहिलेलीच नाही, मग त्या सातचाही भरवसा धरू नये. आणि पाचही ठिपक्यांतून नेमकी जाणारी नागमोडी रेघ काढून खूश होऊ नका. तिच्यात त्या वर्षाचा पाऊस अन् वजनातला फरक सुद्धा घुसलेला असतो.

आता पैशाचं. युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना. २०२४-२५ चा मध्यम धाग्याचा हमीभाव ७१२१ रुपये. म्हणजे तिसऱ्या बॅगेचे २० किलो सुमारे १४२४ रुपयांचे. कागदावर परवडतं. पण नत्र जास्त झालं की झाड माजतं, पाला कोवळा राहतो, मावा-तुडतुडे वाढतात. एक-दोन फवारण्या अन् मजुरी धरली की ती वाढ हातात राहत नाही. युरिया स्वस्त आहे म्हणूनच आपण माथा ओलांडून जातो.

पाणी बदललं की रेघही बदलते. बीटी कपाशीला कोरडवाहूत हेक्टरी १२० किलो नत्र आणि बागायतीत १५० किलो, अशा दोन शिफारशी आहेत त्या यामुळंच. १२० किलो म्हणजे एकरी ४८, सगळं युरियातून दिलं तर सव्वादोन बॅगांच्या जवळपास. पण २०१२ सारख्या सालात, जेव्हा आपल्या जालन्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा कोरडवाहू कपाशीचा माथा तरी तिथंच राहील का? ओल नसंल तर नत्र मुळाला मिळतच नाही.

म्हणून कृषी शास्त्रज्ञ साहेबांना विनंती. शिफारशीचा एकच आकडा देऊ नका, सगळ्या मात्रांचं उत्पादन द्या, आणि चांगल्या सालाबरोबर वाईट सालाचंही द्या. ती माहिती तुमच्या प्रयोगांत असतेच.

आणि मंडळी, आपणही करू शकतो. एकसारख्या जमिनीत बांधाकडची तासं सोडून पाच पट्टे आखा, ०, १, २, ३, ४ बॅगांच्या हिशोबानं. जमलं तर तीन ठिकाणी तसेच पट्टे घ्या, पण क्रम बदलून. बाकी सगळं सारखं ठेवा. दर वेचणीला प्रत्येक पट्ट्याचा कापूस वेगळा मोजा, वहीत लिहा, पाऊसही लिहा. दोन-तीन सालं गेली की आपल्या रानाचा माथा कुठं आहे ते दिसंल. ज्यांनी असं मोजलंय त्यांनी आकडे खाली टाका, जमिनीचा प्रकार अन् पाऊस सांगून.