अंग आंबलंय, त्यात अभिमान कसला?

गेल्या वर्षी जानेवारीत मी हिंजवडीत ऑफिसजवळच्या एका जिममध्ये नाव घातलं. बारा आठवड्यांची बॅच, आठवड्यातले पाच दिवस, सकाळी साडेसहा. माझं वय २८. इंजिनियरिंग संपल्यापासूनची सहा वर्षं खुर्ची आणि स्क्रीन यांच्यामध्ये गेलेली. पहिल्या दिवशी शंभर स्क्वॉट झाले, मग हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लंजेस झाले, आणि शेवटी पुलअप. ज्यांना वर जाता येत नव्हतं त्यांनी स्टुलावर चढून बार धरायचा आणि सावकाश खाली यायचं. हात सुटेपर्यंत. मी साठेक वेळा खाली आलो असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी विशेष काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी उठलो तर कोपरं सरळच होईनात. ब्रश तोंडापर्यंत जाईना, म्हणून तोंड ब्रशपर्यंत नेलं. जिना उलटा, कठडा धरून उतरलो. बॅचच्या ग्रुपवर हे लिहिलं तर ट्रेनरचं उत्तर आलं, ‘मस्त! म्हणजे वर्कआउट लागलाय. उद्या चुकवू नका.’ मला आनंद झाला, हे कबूल करतो. मी तसं स्टेटसही ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्या संध्याकाळी लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा दिसला.

रक्तातलं क्रिएटिन कायनेज हे एन्झाइम साधारण दोनशेच्या आसपास असतं, माझं चाळीस हजारांच्या वर होतं. स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरलं होतं आणि मूत्रपिंडांना ते गाळावं लागत होतं. या प्रकाराला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. चार दिवस सलाइन लागलं. मूत्रपिंडं वाचली. डॉक्टरांनी विचारलं, ‘किती वर्षांनी व्यायाम केलात?’ म्हटलं, सहा. ‘आणि पहिल्याच दिवशी एवढा?’ मी गप्प बसलो.

माझ्यासारखं फार कमी जणांना होतं. कोणाला घाबरवून जिमपासून दूर ठेवायचा माझा हेतू नाही. मी स्वतः आजही जातो. पण ज्या समजुतीनं मला तिथवर नेलं ती दुर्मीळ नाही. अंग जितकं दुखेल तितका व्यायाम चांगला, ही ती समजूत. माझं भांडण तिच्याशी आहे.

आधी दुखण्याची गोष्ट. मराठीत आपण म्हणतो, अंग आंबलंय. शब्द सुंदर आहे, पण त्यानं एका चुकीच्या कल्पनेला आपल्याकडे आयतं घर मिळालं. स्नायूंमध्ये लॅक्टिक ॲसिड साठतं आणि ते दुखतं, हे आम्हाला शाळेत शिकवलं, ट्रेनरही तेच सांगतात. खरं तर व्यायाम थांबल्यावर लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. मग बुधवारी दुखणारी मांडी सोमवारच्या ॲसिडवर कशी ढकलायची? १९८३ साली एका प्रयोगात काही जणांना सपाट ट्रेडमिलवर आणि काहींना उतारावर धावायला लावलं होतं. सपाटीवाल्यांचं लॅक्टेट वाढलं, पण अंग दुखलं नाही. उतारावरच्यांचं लॅक्टेट फारसं वाढलं नाही, आणि दुखलं त्यांचंच. थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञानं तर १९०२ सालीच सुचवलं होतं की हे उशिरा येणारं दुखणं स्नायूंच्या आत होणाऱ्या इजेमुळे असावं.

ही इजा सर्वांत जास्त होते ती स्नायू ताणला जात असताना भार पेलतो तेव्हा. जिना उतरताना, गड उतरताना, वजन सावकाश खाली ठेवताना. राजगडावरून उतरल्यावर दोन दिवस मांड्या का बोलतात, त्याचं उत्तर इथं आहे. दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं आणि आठवड्याभरात जातं. पुलअपच्या बारवरून साठ वेळा सावकाश खाली येणं हा सवय नसलेल्या दंडांना मोडण्याचा अगदी खात्रीचा मार्ग होता, आणि मी त्याचे पैसे भरले होते.

आता मुद्दा असा की दुखणं नक्की काय मोजतं? ते प्रामुख्यानं नवेपणा मोजतं. शरीराला जे अनोळखी आहे ते दुखतं. तोच व्यायाम पंधरा दिवसांनी पुन्हा केला की बराच कमी दुखतो, कारण स्नायू एकाच खेपेत पुष्कळ शिकतो आणि ते काही आठवडे विसरत नाही. ही शिकवणी अगदी हलक्या खेपेनंही मिळते. म्हणजे पहिल्या दिवशी दोन सेट करून घरी गेलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात माझ्या पुढे असतो. दुखणं हीच फूटपट्टी धरली तर ज्याची ताकद वाढतेय त्याला वाटणार की आपला व्यायाम लागत नाही, आणि जो रोज काहीतरी नवीन करून स्वतःला ठोकून काढतोय त्याला वाटणार की आपण पुढे चाललोय. आमच्या धंद्यात कोणी नव्या सर्व्हरवर पहिल्याच दिवशी सगळा ट्रॅफिक सोडला आणि तो कोसळल्यावर ‘मस्त, म्हणजे लोड लागला’ म्हणाला, तर त्याला दुसऱ्या दिवशी कोणी कीबोर्डला हात लावू देणार नाही.

मग ही फूटपट्टी टिकते कशी? ती विकायला सोपी आहे म्हणून. ताकद यायला महिने लागतात. दुखणं बुधवारपर्यंत घरपोच मिळतं. गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. १९८२ साली जेन फोंडाच्या व्यायामाच्या कॅसेटनं ‘नो पेन, नो गेन’ हे वाक्य घरोघरी नेलं, ते आज आमच्या जिमच्या भिंतीवर लाल अक्षरांत आहे. फी तीन महिन्यांची आगाऊ घेतात, परत देत नाहीत. आमच्या बॅचमध्ये बावीस जण होते, चौथ्या आठवड्यात आठ उरले. गळालेल्या चौदांनी जिमचं काहीच बिघडवलं नाही, उलट जागा मोकळी केली. भिंतीवर फोटो लागले ते उरलेल्यांपैकी तिघांचे. चौदा जण आजही समजतात की आपल्यातच दम नव्हता. मला राग येतो तो याचा.

यावर उत्तर ठरलेलं असतं: त्रासातून शिस्त येते, आजची मुलं नाजूक झालीत, तालमीत काय लाड व्हायचे का? तालमीत लाड होत नव्हते, मारही बसायचा, आणि मी त्याचे गोडवे गाणार नाही. पण माझे आजोबा कोल्हापूरकडच्या एका तालमीत चार वर्षं होते. ते सांगायचे, नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी दहा जोर मारून थांबवायचे. अजून मारतो म्हटलं तर म्हणायचे, ‘उद्या ये, मग बघू.’ उद्या येणं ही शिस्त होती. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर बलवान माणसानंही अर्ध्या शक्तीनंच व्यायाम करावा, असा स्पष्ट सल्ला आहे. त्या ग्रंथातलं सगळं आज खरं मानायची गरज नाही, पण ‘आपली परंपरा सोसण्याची’ असं सांगणाऱ्यांनी तो एकदा उघडून पाहावा.

आणि सोसण्याचंच म्हणाल तर माझ्या आईनं तीस पावसाळे भातलावणी केली. लावणीच्या पहिल्या दोन दिवसांनंतर तिला पाटावरून उठताना भिंत धरावी लागे. तिनं कधी म्हटलं नाही की कंबर दुखतेय म्हणजे लावणी चांगली झाली. लावणी चांगली झाली की नाही हे रोपं रुजल्यावर कळतं. दुखण्याचा अभिमान ही ज्याला दुखणं पैसे देऊन विकत घ्यावं लागतं त्याची चैन आहे.

तर मग नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं काय करावं? पहिले दोन आठवडे जमेल त्याच्या निम्मं करावं आणि घरी जावं. थोडं आंबणारच, त्याला घाबरू नये. आंबलेल्या अंगानं चालावं, हलकी हालचाल करावी, झोपावं, जेवावं. स्ट्रेचिंग करून दुखणं टळेल ही आशा सोडावी. २०११ साली त्यावरच्या बारा अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, फरक नगण्य होता. बर्फाच्या पाण्यात बसल्यानं बरं वाटतं, पण २०१५ च्या एका अभ्यासात असं दिसलं की वजनं उचलल्यावर नेमानं गार पाण्यात बसणाऱ्यांची ताकद आणि स्नायू कमी वाढले. पेनकिलर घेऊन पुढचा वर्कआउट रेटू नये. आणि दुखणं चौथ्या-पाचव्या दिवशीही वाढत असेल, हात-पाय सुजले असतील किंवा लघवी गडद झाली असेल तर ग्रुपवर लिहू नये, दवाखाना गाठावा.

मी तीन महिन्यांनी दुसऱ्या जिममध्ये पुन्हा सुरुवात केली. पहिल्या दिवशी बारला हात न लावता परत आलो. आता सलग सहा पुलअप होतात, आणि दुसऱ्या दिवशी दंडात काहीच जाणवत नाही. परवा शेजारच्या बाकावर एक नवा मुलगा होता, पहिलाच दिवस. तो ट्रेनरला म्हणाला, ‘सर, अजून एक सेट मारू का? अजून काही लागलंच नाही.’ ट्रेनर वहीतून मान वर करायच्या आत मीच त्याला म्हटलं, ‘आज राहू दे. उद्या ये.’