उघडा कोड म्हणजे होकार नव्हे

‘अ‍ॅप मोफत आहे, त्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो, नाव-नंबर आम्ही विचारत नाही, मग कोणी कुठलं बटण किती वेळा दाबलं याची नोंद परस्पर ठेवली तर बिघडलं कुठे?’ हा युक्तिवाद आता मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडूनही ऐकू येतो. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपन्यांनी तो केला तर त्यामागचा स्वार्थ उघड असतो. पण संगणक वापरणाऱ्याच्याच ताब्यात राहावा म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी असं बोलावं, हे मला मान्य नाही. पुण्याच्या आयटी पार्कमध्ये हा युक्तिवाद बरा वाटतो. तो यवतमाळ जिल्ह्यात नेऊन पारखायला हवा.

आधी उघड्या कोडबद्दल. कोड वाचून आत काय चाललंय ते कळतं. ते चालू द्यायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यानं मिळत नाही. उबुंटू या मुक्त कार्यप्रणालीच्या ऑक्टोबर २०१२ च्या आवृत्तीत, स्वतःच्या संगणकातली फाइल शोधायला टाइप केलेले शब्द कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरकडे जात आणि अ‍ॅमेझॉनवरच्या वस्तू समोर येत. कोड उघडाच होता. तरी स्टॉलमन यांनी त्याला हेरगिरी म्हटलं, आणि २०१६ च्या आवृत्तीत ही सोय सुरुवातीपासून बंद ठेवावी लागली. आपल्याकडे कोविडच्या साथीत आरोग्य सेतू हे सरकारी अ‍ॅप २ एप्रिल २०२० ला आलं, १ मेच्या आदेशानं नोकरदारांवर सक्तीचं झालं, आणि त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला झाला २६ मेला. तोवर अकरा कोटींहून अधिक लोकांनी ते घेतलं होतं. कोड खुला केला हे चांगलंच झालं. पण ज्यांना विचारलंच नव्हतं त्यांचा होकार त्यामुळे मागाहून तयार झाला नाही. शिवाय फोनमधला कोड वाचला तरी सर्व्हरवर पोचलेल्या माहितीचं पुढे काय होतं, ते त्यात दिसत नाही.

‘नाव घेत नाही’ हे म्हणणं त्याहून फसवं आहे. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवून दिलं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं बहुधा एकेकटी ओळखता येतात. आता यवतमाळच्या झरी जामणी किंवा केळापूर तालुक्यातल्या एखाद्या पोडाचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीचा, विचार करा. घरं थोडी, स्मार्टफोन त्याहून थोडे. हवामानाच्या अ‍ॅपनं ठिकाणाची परवानगी घेतलेली असेल, तर ठिकाण आणि फोनचं मॉडेल या दोन गोष्टींवरून माणूस कोण ते कळतं. मोठ्या शहराच्या गर्दीत जी नोंद निनावी राहते, ती पोडावर राहत नाही.

आणि नोंद तरी कसली? शेतीचा हिशेब ठेवणारं अ‍ॅप घ्या. कपाशीचा खर्च किती लिहिला हे त्यानं पाठवलं नाही, असं मानू. पण कर्जाचं पान रात्री दोन वाजता उघडलं, आठवडाभर रोज उघडलं, एवढं तरी वापराच्या नोंदीत येतंच. रक्कम कळत नाही, अडचण कळते. २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी बळीराजा चेतना अभियान सुरू झालं, तेव्हा सरकारनं निवडलेल्या दोन जिल्ह्यांपैकी एक यवतमाळ होता, दुसरा उस्मानाबाद. अशा जिल्ह्यात कोण अडलाय ही बातमी सावकाराला हवी असते, झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपलाही हवी असते. रिझर्व्ह बँकेनं २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कर्जाच्या अ‍ॅपना फोनमधली संपर्कयादी, कॉलची यादी आणि फोटो यांना हात लावायला मनाई केली, ती उगाच नाही. बँकांच्या नियामकाला जे उमगलं, त्याहून ढिलं वागणं मुक्त सॉफ्टवेअरला शोभत नाही.

एक आक्षेप मात्र दमदार आहे. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे अनेक जण स्वयंसेवक असतात. कुठल्या फोनवर अ‍ॅप बंद पडतं हे कळलं नाही तर ते दुरुस्त कसं करणार? अडचण खरी आहे. डेबियन या मुक्त कार्यप्रणालीच्या प्रकल्पानं तिच्यावर फार पूर्वी वाट काढली: कुठली पॅकेजेस वापरली जातात हे मोजणारा त्यांचा कार्यक्रम आधी विचारतो, आणि आपण काही बोललो नाही तर उत्तर ‘नाही’ धरतो. यावर म्हणतात, होकार देणारे थोडेच, आकडे एकांगी येतील. येऊ द्या. दिग्रसचा शेतकरी एखादं पान अर्धवट का सोडतो, हे न विचारता जमवलेल्या लाख नोंदींतूनही कळत नाही. त्याच्याशेजारी तासभर बसलं की कळतं.

माहिती घेऊच नये, असं माझं म्हणणं नाही. ई-पीक पाहणीच्या सरकारी अ‍ॅपमध्ये शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, तर ठिकाण लागणारच. ते सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी आहे हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. कामाला लागेल तेवढंच घ्या, आणि कशासाठी ते सांगून घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि विनाअट असावी असंच म्हणतो. वापराची मोजणी मुळात बंद असावी. ‘नाही’ म्हणणाऱ्याला अ‍ॅप पूर्ण चालावं. बिघाडाचा अहवाल पाठवण्याआधी तो वाचायला मिळावा. नोंदी गूगलच्या विश्लेषण सेवेकडे न जाता प्रकल्पाच्या स्वतःच्या सर्व्हरवर राहाव्यात आणि ठरल्या मुदतीत पुसाव्यात. घरात फोन एकच असतो. मुलानं अ‍ॅप बसवताना दाबलेलं ‘ठीक आहे’ आईचा होकार ठरत नाही, म्हणून प्रश्न अधूनमधून पुन्हा विचारावा.

कायद्यानं संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी एकीत मिळण्याची सोय केली आहे. त्यांत मराठी आहे. कोलामी, गोंडी आणि बंजारा नाहीत. मुक्त सॉफ्टवेअरला कायद्याची वाट पाहण्याचं कारण नाही, कारण त्यात भाषा कुणीही घालू शकतो. वाचता न येणाऱ्यांसाठी हा प्रश्न या बोलींत ध्वनिमुद्रित करून ऐकवता येतो. दोन वाक्यांचं काम आहे: काय पाठवणार आणि कुणाला. ते होईपर्यंत त्या पोडावरच्या फोनमधून वापराची एकही नोंद बाहेर जाऊ नये.